पाऱ्याच्या वरची रिकामी जागा

सामार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, आमच्या गावच्या चर्चमध्ये,
वेदीमागच्या खोलीत शेजारशेजारच्या खिळ्यांना
पाद्रे सेलेस्तिनोंचा मिस्सेचा झगा होता
आणि काचेच्या लांब नळीतला पारा.

घंटेचा दोर माझ्या बापाच्या हातात,
हुकूम मात्र पाऱ्याचा.
सातशे पन्नासच्या खाली उतरला की तीन टोले: होड्या वर ओढा.
सातशे चाळीस, की थांबायचंच नाही,
गुरंढोरं, म्हातारीकोतारी, सगळं टेकडीवर.
बाहेरगावचे हसायचे:
यांचा देव काचेत राहतो म्हणे.

मी तेव्हा नऊ वर्षांची. फुलदाण्या धुवायचे,
आणि नळीच्या अगदी टोकाला
पारा संपून काच उरते तिथे
बघत राहायचे.
एकदा विचारलं, पाद्रे, देव तिथे असतो का,
त्या रिकाम्या जागेत?

ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.
"तिथे काहीही नाही, फेर्मिना.
आणि रिकामी जागा दिसली की तिथे देवाला बसवू नये.
उद्या कुणी हुशार पोर येईल, ती जागा भरेल,
आणि तुझा देव बेघर होईल."

मग कुठे?

त्यांनी नळीवर नख वाजवलं. टक्.
"हा पारा आहे.
नसता, तरी कुणाचं काही अडलं नसतं.
वारा नसता, समुद्र नसता, मी नसतो, तू नसतीस,
तक्रार करायलाही कुणी उरलं नसतं.
तरी आहे.
वादळ कसं येतं ते मी तुला शिकवीन,
आकडेमोडीसकट.
पण मुळात काही 'आहे' हे कसं,
त्याची मला आकडेमोड येत नाही.
तिथे मी गुडघे टेकतो."

मला निम्मं कळलं. फुलदाणी मात्र फुटली,
आणि ते मला पुरतं कळलं.

त्या नोव्हेंबरात पारा असा उतरला
जसा कुणी खालून ओढतंय.
बापाने रात्रभर दोर ओढला, तळहाताची साल निघाली.
सगळे वर आले.
इस्कोलास्तिको दागामी आला नाही.
म्हणाला, घरात बाळ येशू आहे माझ्या,
त्याला सोडून कुठे जाऊ?

सकाळी बाळ येशू सापडला, चिखलात, एक हात मोडलेला.
तिसऱ्या दिवशी इस्कोलास्तिको.

त्याची बायको नीव्हेस
खोलीच्या दारात उभी राहिली, ओली, चपलांशिवाय.
"आता सांगा, पाद्रे.
कोण चुकलं? तुमचा पारा, की तुमचा देव?"

मला वाटलं होतं ते काहीतरी सांगतील,
नखाने टक् करतील.
ते बोलले नाहीत.
आपले बूट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवले.
ती गेल्यावर (बूट तिथेच राहिले)
त्यांनी दोन वह्या उघडल्या.
एकीत लिहिलं: किमान दाब ७१९, पहाटे तीन चाळीस,
वारा ईशान्येचा, मग अचानक शांत, मग नैर्ऋत्येचा.
दुसरीत: इस्कोलास्तिको दागामी, वय एकेचाळीस, दफन.
दौत एक, टाक एक.
दुसऱ्या वहीत अक्षर किंचित हललं होतं.

आता मी स्वतः हवामान खात्यात आहे.
वादळं मला वरून दिसतात,
पांढरी, फिरती, मधोमध डोळा.
इथल्या पोरांना वाटतं, चर्चला जाणारी बाई
उपग्रहाचं चित्र बघून क्रूसाची खूण का करते, भीतीने?
भीतीनेही.
पण आधी इशारा पाठवते. शब्द नेमके, वेळ नेमकी.
मगच हात कपाळाकडे जातो.

नीव्हेसच्या प्रश्नाचं उत्तर
मला अजून सापडलेलं नाही.
पाद्रेंनाही सापडलं नसावं.
मरेपर्यंत दर रविवारी मिस्सा संपली की
ते तिच्या झोपडीपर्यंत चालत जायचे,
वाकून बसायचे,
आणि ती बोलली नाही तर
तसेच परत यायचे.